साडेतीन वर्षांच्या मुलीला दातांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि तिला अजून एकदाही दातांच्या डॉक्टरांकडे नेलेले नाही. पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. मागच्या लसीच्या वेळी ती इतकी रडली, की दोन मोठ्या माणसांना तिला धरून ठेवावे लागले. खालच्या एका दाढेवर तपकिरी ठिपका दिसतो आहे आणि तुम्हाला स्वतःलाच लहानपणापासून या डॉक्टरांची धास्ती आहे. ‘काही दुखणार नाही’ असे तिला सांगू का, आणि ती रडू नये म्हणून कशी तयारी करून घेऊ, असे तुम्ही विचारले आहे. गेली 22 वर्षे मी फक्त लहान मुलांच्या दातांवर काम करते आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ रोज कोणी ना कोणी विचारते, आणि विचारणाऱ्या आईच्या आवाजात बहुतेक वेळा तुमच्यासारखीच काळजी असते.

प्रश्नाचा शेवटचा भाग मात्र मी थोडा बदलून घेणार आहे. मुलीने रडू नये, हे पहिल्या भेटीचे उद्दिष्ट ठेवू नका. अनोळखी खोली, तोंड झाकलेला अनोळखी माणूस, डोळ्यांवर येणारा दिवा आणि तोंडात जाणारा परका हात या सगळ्यांपुढे साडेतीन वर्षांचे मूल रडले, तर त्यात त्याचे काही चुकत नाही आणि तुमचेही नाही. माझ्याकडे येणारी काही मुले रडत रडतच तोंड उघडतात, रडत रडतच दात मोजून घेतात आणि जाताना दारातून हात हलवतात. त्यांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती डोळे घट्ट मिटून, मुठी आवळून, एक शब्द न काढता सगळे सोसणाऱ्या मुलाची, कारण ‘किती शहाण्यासारखे वागले’ असे सगळे म्हणतात आणि पुढच्या वेळी ते मूल इमारतीच्या पायरीवरच बसकण मारते. तेव्हा खरा प्रश्न असा धरू या, की या पहिल्या भेटीनंतर तुमची लेक दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा कशी येईल. खाली जे लिहिते आहे, ते या प्रश्नाचे उत्तर आहे.

भीती कशी रुजते, हे आधी सांगायला हवे. ज्या मुलाच्या वाट्याला उपचाराची गरज पडण्यापूर्वी तीन-चार साध्या, काहीच विशेष न घडलेल्या भेटी येतात, त्याला पुढे एखाद्या वेळी दुखलेच तरी ते दुखणे त्या एका दिवसापुरते राहण्याची शक्यता जास्त असते, कारण ती खुर्ची, तो वास आणि तो आवाज यांच्याशी त्याच्या मनात आधीच बऱ्याच साध्या गोष्टी जोडलेल्या असतात. ज्याची पहिली भेटच दुखऱ्या दाताने होते, त्याच्या मनात मात्र ती खोली आणि दुखणे एकच होऊन बसतात. रुजलेली भीती काढता येत नाही असे नाही. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका छोट्या मुलाची भीती घालवल्याची नोंद प्रसिद्ध केली. मुलगा आवडीचे खात असताना ससा आधी लांब ठेवायचा आणि मग हळूहळू जवळ आणायचा, अशी ती पद्धत होती, आणि घाबरलेल्या मुलाला मी आजही याच क्रमाने खुर्चीपर्यंत आणते. पण त्याला वेळ लागतो, आणि भीती मुळात रुजूच न देणे कितीतरी सोपे असते.

म्हणूनच आम्ही बालदंततज्ज्ञ पहिला दात दिसल्यावर, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाला एकदा दाखवून न्या असे सांगतो. त्या वयात खुर्चीचा प्रश्नच येत नाही. पालक आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतो, बाळाचे डोके माझ्या मांडीवर आणि पाय आईच्या कमरेशी असतात, आणि बाळ वर आईकडे बघत असताना तपासणी मिनिटभरात उरकते. ती वेळ हुकली म्हणून स्वतःला दोष देत बसू नका, कारण साडेतीन वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तुमच्या हाती एक मोठी गोष्ट आहे, जी एक वर्षाच्या बाळाच्या बाबतीत नसते. तिला तुमचे बोलणे समजते.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, आणि त्यात सर्वांत आधी तो तपकिरी ठिपका. दाढेच्या खाचेतला असा ठिपका म्हणजे नुसता डाग असू शकतो, सुरू होऊन थांबलेली कीड असू शकते किंवा आत पसरत चाललेली कीडही असू शकते. दात कोरडा करून दिव्याखाली पाहिल्याशिवाय, आणि कधी कधी एक्स-रे काढल्याशिवाय, कोणीही खात्रीने सांगू शकत नाही, त्यामुळे मी इथून अंदाज बांधणार नाही. तुम्ही घरी मात्र काही गोष्टी बघू शकता. ती रात्री दुखते म्हणून उठते का, गोड किंवा थंड खाल्ल्यावर गाल धरते का, एकाच बाजूने चावते का, त्या दाढेजवळच्या हिरडीवर पुटकुळी दिसते का? यांपैकी एखादी गोष्ट असेल, तर दवाखान्यात आधीच फोन करून सांगा, कारण मग ती भेट नुसती ओळखीची राहणार नाही. चेहऱ्यावर सूज आणि अंगात ताप असेल, तर तयारीबियारी बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा.

यांपैकी काहीच नसेल, तर पहिल्या भेटीत फक्त बघणे आणि मोजणे व्हावे, उपचार ठरलेच तर ते पुढच्या वेळी करावेत, अशी स्पष्ट विनंती करा. ठिपका आहे म्हणजे ड्रिल आलेच, असेही आता राहिलेले नाही. सुरुवातीची कीड असेल, तर 5 टक्के सोडियम फ्लोराइडचा लेप छोट्या ब्रशने लावतात, त्याला मिनिटभरसुद्धा लागत नाही. 38 टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचे थेंब लावून अनेकदा कीड ड्रिलशिवाय थांबवता येते, मात्र किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो, हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवे आणि तुम्ही आधी विचारायला हवे. काही दाढांवर भूल न देता आणि दात न कोरता तयार धातूची टोपीही बसवता येते. यांपैकी काय योग्य, ते दाढ पाहूनच ठरेल. ‘दुधाचाच तर दात आहे, पडणारच’ असा सल्ला तुम्हाला कोणी देईल, पण तो मनावर घेऊ नका. दुधाच्या दाढा साधारण दहा ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात आणि त्यांच्या मागे सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते. दुधाची दाढ फार आधी गेली, तर मागची दाढ पुढे सरकून खालून येणाऱ्या दाताची जागा अडते.

‘काही दुखणार नाही’ हे वाक्य मात्र, माझे ऐकाल तर, बोलूच नका. एक तर लहान मुलाच्या कानात त्या वाक्यातला ‘नाही’ टिकत नाही, ‘दुखणार’ तेवढे राहते. तिच्या मनात दुखण्याचा विचार नसेलही, तो तुम्ही आणून ठेवता. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. हे वचन पाळणे तुमच्या हातात नाही. उद्या हिरडीला आरशाची कड जरी लागली, तरी तिच्या लेखी तुमचा शब्द खोटा ठरला, आणि मग तिचा विश्वास उडतो तो डॉक्टरांवरचा नव्हे, कारण डॉक्टर तिला अजून कोणीच नसतात. तो उडतो तुमच्यावरचा. लस किंवा इंजेक्शन देताना मुलांचे आणि पालकांचे निरीक्षण करून जे अभ्यास झाले आहेत, त्यांत ‘घाबरू नको’, ‘काही होत नाही’, ‘झालं झालं’ अशा धीराच्या शब्दांसोबत मुलांची अस्वस्थता कमी न होता वाढलेली दिसते, आणि लक्ष दुसरीकडे नेणाऱ्या गप्पांनी मुले जास्त सावरतात. यात नवल नाही. एरवी निवांत असणारी आई अचानक ‘घाबरू नको’ म्हणू लागली, की घाबरण्यासारखे काहीतरी आहे, हे मुलाला तिच्याकडूनच कळते.

त्याऐवजी तिला तिथे काय दिसेल, काय ऐकू येईल आणि काय जाणवेल, एवढेच सांगा. तुमच्या जागी मी असते, तर आदल्या संध्याकाळी हे बोलले असते: ‘उद्या सकाळी आपण दातांच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. तिथे एक मोठी खुर्ची असते, ती वर-खाली होते. डॉक्टर छोट्या आरशातून तुझे दात बघतील आणि मोजतील. मी तुझ्याजवळच असेन.’ बस्स, एवढेच, आणि तेही स्वयंपाक करता करता, कपड्यांच्या घड्या घालता घालता. समोर बसवून, हात हातात घेऊन सांगितले, तर बातमी गंभीर आहे असे तिला वाटेल. ‘दुखेल का?’ असे तिने विचारलेच, तर ‘उद्या ते फक्त बघणार आणि मोजणार आहेत. तुला काही नको वाटलं तर हात वर कर, ते थांबतील’ असे सांगा. पण हे सांगण्याआधी, हात वर केल्यावर तुम्ही खरोखर थांबाल ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या. उत्तर ‘हो’ असेल, तरच तिला हे वचन द्या.

आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी सांगा, असे मी म्हणते, कारण या वयात ‘पुढच्या मंगळवारी’ याला अर्थ नसतो, आणि आठवडाभर आधी सांगितले तर आठवडाभर धाकधूक वाढवायला मोकळीक मिळते. याला अपवाद आहेत. काही मुलांना प्रत्येक गोष्ट आधी कळल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना दोन-तीन दिवस आधी सांगावे. स्वमग्न मुलांच्या बाबतीत तर बरेच दिवस आधी दवाखान्याचे फोटो दाखवणे, दार, खुर्ची, दिवा, आरसा, घरी परत असा क्रम चित्रांच्या पट्ट्यांवर रोज त्याच क्रमाने दाखवणे फार उपयोगी पडते, आणि त्यांना उजेड, आवाज, चव किंवा स्पर्श यांपैकी काय सहन होत नाही ते आम्हाला आधी कळले, तर आम्ही खोलीही तशी तयार ठेवतो.

शब्दांविषयी आणखी थोडे. सुई, इंजेक्शन, ड्रिल, रक्त, दात उपटणे हे शब्द या आठवड्यात घरात नकोत. मोठी भावंडे आणि घरातली वडीलधारी माणसे यांनाही हे सांगून ठेवा, कारण आपल्या जुन्या दाढेची गोष्ट नेमकी याच वेळी कोणाला तरी आठवते. ‘दात घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी कधीच देऊ नका. ज्या माणसाकडे तिने विश्वासाने तोंड उघडायचे आहे, त्यालाच आपण शिक्षा करणारा ठरवतो. दवाखान्यात मुलांसाठी कोणते शब्द वापरतात हे विचारून घरीही तेच वापरा. मी सक्शनला ‘पाणी पिणारी नळी’ म्हणते आणि पॉलिशच्या ब्रशला ‘गुदगुल्यांचा ब्रश’. सोपा शब्द आणि खोटा शब्द यांत मात्र फरक आहे, आणि तो मला एका पाच वर्षांच्या मुलाने शिकवला. सुरुवातीच्या वर्षांत मी भुलेच्या सुईला ‘मुंगी’ म्हणत असे. ‘आता मुंगी चावेल हं’ म्हणून मी सुई दिली. तो रडला नाही. काम संपल्यावर खुर्चीतून उतरला, बूट घातले आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, ‘ती मुंगी नव्हती.’ त्यानंतर तो माझ्याकडे कधीच आला नाही. तेव्हापासून मी ‘आता दाताला झोपवणार आहे, पाच मोजेपर्यंत चिमटा बसल्यासारखं वाटेल’ असे सांगते आणि खरोखर पाचपर्यंत मोजते. रडणारी मुले तरीही रडतात, पण पुढच्या वेळी येतात.

घरची तयारी म्हणजे बोलणे कमी आणि खेळणे जास्त. खुर्चीत मुलांना आरशापेक्षाही नवखी वाटते ती स्थिती: आपण उताणे पडलेले आणि वरून, डोक्याच्या बाजूने, कोणाचा तरी उलटा चेहरा आत बघतो आहे. याची सवय घरी होऊ शकते. पलंगावर बसा, तिचे डोके तुमच्या मांडीवर आणि पाय समोर, आणि दात घासायला ब्रश घेण्याआधी बोटाने किंवा ब्रशच्या दांडीने एकेक दात हलकेच टेकत मोजा. वर दहा आणि खाली दहा, असे वीस दात बहुतेक तिच्या तोंडात आलेले असतील. मग तिने बाहुलीचे मोजावेत आणि नंतर तुमचे. मोजताना तिला हात वर करायला सांगा आणि तिने केला की तत्क्षणी थांबा. या थांबण्याची गंमत तिला कळली, की ती पाच-सहा वेळा उगाचच हात वर करील. करू द्या. आपल्या सांगण्याने मोठे माणूस थांबते, हे तिला तुमच्या मांडीवर कळले, तर खुर्चीत पटेल. एखाद्या दिवशी लहान टॉर्चचा उजेड पाडा, एखाद्या दिवशी मास्क लावून मोजा. दिवसाला दोन-तीन मिनिटे पुरेत. खोटे इंजेक्शन देण्याचा खेळ या आठवड्यात खेळू नका.

ओघात सांगते, दात घासण्यासाठीसुद्धा मांडीवरची हीच स्थिती उत्तम, कारण मागच्या दाढा याच कोनातून दिसतात. तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना फ्लोराइडची टूथपेस्ट वाटाण्याएवढी पुरते, त्याहून लहानांना तांदळाच्या दाण्याएवढी. आणि सहा-सात वर्षांपर्यंत ब्रश शेवटी मोठ्यांच्याच हातात हवा.

आता तुमच्या स्वतःच्या भीतीविषयी. तुम्ही ती मोकळेपणाने लिहिलीत हे बरे केलेत, कारण माझ्या अनुभवात मुलीच्या तयारीइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, ही तयारी उपयोगी पडते. काही वर्षांपूर्वी चार वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीवर बसून तपासणीला आली होती. आईचा चेहरा हसरा होता आणि बोलणेही शांत होते. पण मी ट्रेमधले काहीही उचलले, की मुलीच्या घोट्याभोवती आईची बोटे आवळली जात, आणि त्या क्षणी मुलीच्या पायाची बोटे आत वळत. अजून आरसा तिच्या ओठालाही लागला नव्हता. मी आईला म्हटले, आता दात मी मोजणार नाही, तुम्ही मोजा, मोठ्याने आणि अगदी सावकाश, मी नुसती आरशाने दाखवते. सातव्या-आठव्या दातापर्यंत आईचा श्वास संथ झाला, हात सैल पडला आणि मुलीच्या पायाची बोटे उलगडली. मुलीशी मी एक शब्दही बोलले नव्हते.

तेव्हा तुमच्याऐवजी तिचे बाबा, आजी किंवा मावशी, म्हणजे ज्यांच्याबरोबर ती निर्धास्त असते आणि ज्यांना स्वतःला ही भीती नाही, असे कोणी तिला नेऊ शकत असेल, तर खुशाल नेऊ द्या. त्यात आई म्हणून तुम्ही कुठे कमी पडत नाही. तुम्हालाच जायचे असेल, तर स्वतःसाठी एखादे काम ठरवून जा: मोजणे, तिची आवडती गोष्ट हळू आवाजात सांगणे किंवा फक्त तिच्या पायावर हात सैल ठेवणे. ‘आधी माझे दात तपासताना तिला बघू दे का’, असे पुष्कळ जण विचारतात. तुम्ही खरोखर शांत पडून राहू शकत असाल तरच, एरवी नको.

त्या दिवसाचे व्यवहार सोपे आहेत. झोप पूर्ण झालेली सकाळची वेळ घ्या. ती भुकेली नको आणि नुकतीच पोटभर जेवलेलीही नको, कारण भरल्या पोटी आरशाने लगेच उमासे येतात. आवडते खेळणे बरोबर असू द्या. दहा मिनिटे आधी पोहोचा, तासभर नको, कारण ताटकळत बसण्यातच बहुतेक मुलांचा धीर संपतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. एक म्हणजे फसवून नेणे. ‘बागेत जाऊ’ म्हणून आणलेला एक मुलगा मला आठवतो. दवाखान्याची पाटी त्याला वाचता येत नव्हती, पण आतला वास आला तसा तो थांबला आणि त्याने वडिलांचे बोट सोडले. त्या दिवशी मी त्याला खुर्चीपर्यंतही नेले नाही. चौथ्या भेटीत त्याने तोंड उघडले, आणि मधल्या दोन भेटी वडिलांनी ‘आज आपण दातांच्या डॉक्टरांकडेच जातो आहोत’ असे घरून सांगून आणण्यात गेल्या. दुसरी गोष्ट म्हणजे ‘रडली नाहीस तर अमुक देईन’ हे आमिष. त्यातून तिला दोन गोष्टी कळतात, की तिथे रडण्यासारखे काहीतरी आहे आणि रडणे म्हणजे हरणे आहे. भेट झाल्यावर, आधी न सांगता, तिच्या आवडीचे काही केलेत तर चांगलेच. कौतुक मात्र नेमके करा. ‘छान मुलगी’ यापेक्षा ‘आरसा आत असताना तू तोंड उघडं ठेवलंस’ हे तिला अधिक उपयोगी पडते, कारण पुढच्या वेळी काय करायचे ते त्यातून कळते.

आत काय होईल याची कल्पना तुम्हाला असावी, म्हणून सांगते. आम्ही आधी सांगतो, मग दाखवतो आणि मगच करतो. ही पद्धत 1959 मध्ये अॅडल्स्टन यांनी मांडली आणि आजही मुलांच्या दंतवैद्यकात तिच्याइतके हाताशी येणारे दुसरे काही नाही. मी आरसा आधी मुलाच्या तळहातावर ठेवते. तो गार लागतो, मूल त्यात स्वतःचे नाक बघते. मग पॉलिशचा रबरी कप माझ्या नखावर हळू फिरवून दाखवते आणि नंतर त्याच्या नखावर. बहुतेक मुले इथे दुसरे बोट आपणहून पुढे करतात. ते बोट पुढे आले, की मी ओठाकडे वळते, आधी पुढचे दात आणि दाढा सर्वांत शेवटी. हे चालू असताना खोलीत आवाज एकाचाच असावा. डॉक्टर बोलत असताना तुम्हीही ‘आ कर, आ कर’ म्हणत राहिलात, तर कोणाचे ऐकायचे हे तिला कळत नाही. मधल्या काळात तुमचे नुसते असणे पुरेसे आहे. पालकांनी आत थांबावे की बाहेर, याबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत मीही कधी कधी पालकांना बाहेर बसायला सांगते. पण साडेतीन वर्षांच्या मुलीच्या पहिल्या साध्या तपासणीला आईला आत येऊच देत नसतील, तर मी दुसरे डॉक्टर शोधेन.

तिला निवड द्या, पण खरी द्या. ‘खुर्चीत बसायचं का?’ असे विचारले, तर ‘नाही’ या उत्तराचाही मान राखावा लागतो. ‘माझ्या मांडीवर बसून दाखवतेस की एकटी बसतेस?’ या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही चालतात.

म्हणून दवाखान्यात उद्याच फोन करा, आणि तो मुलगी झोपलेली असताना करा. तिला जन्मतः हृदयाचा काही दोष, दमा, फिट्स, रक्त लवकर न थांबण्याचा त्रास, कसली अॅलर्जी असेल किंवा कोणते औषध चालू असेल तर सांगा. लसीच्या वेळी काय झाले तेही सांगा, कारण ‘धरून ठेवले गेले’ ही आठवण तिच्या अंगात अजून असू शकते. आणि विचारा, की तिने तोंड उघडलेच नाही तर तुम्ही काय कराल. तातडीचे काही नसताना याचे मला पटणारे उत्तर एकच आहे: जेवढे ती करू देईल तेवढे करू आणि पुन्हा बोलावू. ‘दोघांनी धरलं की दोन मिनिटांत होतं’ असे उत्तर आले, तर तिथे जाऊ नका. मुलाला धरून ठेवण्याची वेळ खऱ्या तातडीच्या प्रसंगी येऊ शकते, पण नुसते दात मोजण्यासाठी कधीच येत नाही.

घरी परतल्यावर ‘दुखलं का?’, ‘भीती वाटली का?’ असे विचारू नका. ‘खुर्ची किती उंच गेली?’, ‘आरशात काय दिसलं?’ असे विचारा. लहान मुलांची आठवण नंतरच्या बोलण्यातून घडत जाते, त्यामुळे रात्री झोपताना त्या दिवसाची गोष्ट तिला तुम्हीच सांगा आणि तिने जे जे केले ते त्यात येऊ द्या. ती रडली असेल तर रडणेही वगळू नका: ‘तू थोडी रडलीस, मग तू तोंड उघडलंस, मग डॉक्टरांनी वीस दात मोजले.’ फक्त तिच्यासमोर फोनवर कोणाला ‘काय रडली म्हणून सांगू’ असे सांगू नका, कारण मुले मोठ्यांच्या फोनवरच्या बोलण्याकडे कान लावून असतात.

पुढची भेट एरवी सहा महिन्यांनी असते आणि ठिपक्यामुळे तुम्हाला ती लवकर दिली जाईल. पण तपासणी कशीबशी पार पडली असेल, तर मी तुमच्या जागी दोन-तीन आठवड्यांतच, काहीही न करण्यासाठी, नुसती खुर्ची वर-खाली करून परत येण्यासाठी एक भेट मागून घेईन. 1962 पासून आम्ही मुलांच्या वागण्याची चार पायऱ्यांची एक श्रेणी वापरतो, एका टोकाला पूर्ण नकार आणि दुसऱ्या टोकाला आनंदाने सहकार्य. मी प्रत्येक भेटीत ती लिहून ठेवते, पण पहिल्या भेटीच्या आकड्यावरून कधी काही ठरवत नाही. दुसऱ्या भेटीच्या दिवशी मी दाराकडे बघत असते. मूल कडेवरून उतरून स्वतःच्या पायांनी आत आले का, हे मी माझ्या टिपणात सर्वांत आधी लिहिते. तुम्हीही त्या दिवशी तेवढेच बघा.